सातवं कार्ड

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! बॅगेचं एक चाक स्टेशनावरच निखळलं, मग उरलेल्या चाकावर ती फरफटत आणली आणि वाटेतल्या यच्चयावत कुत्र्यांनी माझं स्वागत केलं. पण खोली पाहिली आणि शीण गेला. ऑफिसच्या बरोब्बर वर, दोन खिडक्या, एकीतून बोटींचा धक्का दिसतो. छापखाना बंद पडल्यावर चार महिने आईच्या डोळ्यांसमोर लोळत होते. अडतिसाव्या वर्षी कुणी राहायला जागा देऊन कामावर ठेवेल असं स्वप्नातही नव्हतं.

काम मोठं गमतीचं आहे. लोकांना सात दिवस एका बेटावर पाठवायचं. नारळाची झाडं, निळं पाणी, पांढरी वाळू, सगळं आहे, फक्त पर्यटकांची झुंबड नाही. तिथे कधी काय करायचं याचा रोजचा बेत मी आखायचा. मी स्वतः समुद्रात गुडघ्याच्या वर कधी गेलेले नाही, पण ते कुणी विचारलं नाही.

मालकीणबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. आवाज इतका मऊ की पुढे झुकून ऐकावं लागतं. त्यांनी इथली एक पद्धत सांगितली. बेटावर टपाल नाही, फोनला रेंज नाही. म्हणून पाहुणे निघायच्या आधी इथेच बसून घरच्यांना सात कार्डं लिहून ठेवतात, रोजचं एक, आणि ऑफिस ती एकेक करून टपालात टाकतं. मी म्हटलं, म्हणजे पाण्यात उतरायच्या आधीच पोहून झालं! बाई हसल्या. शिकायचं म्हणून माझ्याकडूनही सात लिहून घेतली. मी आईचा पत्ता घातला. आईला ऐकू येत नाही, फोन तिच्या लेखी डबडं, पण माझं अक्षर दिसलं की तिचा जीव भांड्यात पडतो.

सातव्या कार्डावर एक ठरलेलं वाक्य असतं : ‘इथे फार आवडलं, मुक्काम वाढवतेय.’ परतीची लाँच कधी दोन दिवस उशिरा येते, घरच्यांना घोर नको म्हणून. मी त्याखाली माझी भर घातली : ‘आई, आता मी काही परत येत नाही, जा! माझ्या वाटणीचा चहाही तूच पी.’ आईला मी लहानपणापासून अशाच थापा मारत आले आहे, वाचून ती खो खो हसेल. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि माझी कार्डं रबर लावून आपल्या कप्प्यात ठेवली.

५ तारीख, बुधवार

आज तीन बेत आखले. पहिला दिवस आराम, दुसरा उथळ पाण्यात, तिसरा दीपगृहापर्यंत चालत, चौथा काहीच नाही. चौथ्या दिवशी काहीच न करणं ही माझी कल्पना, परवाच्या माझ्या कार्डांतही हाच क्रम लिहिला होता. माणूस सुट्टीतही घड्याळाला जुंपलेला असतो, त्याला एक दिवस मोकळा सोडावा.

पाहुण्यांनी भरायच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे : घरी वाट पाहणारं कोण? एका बाईने नवरा, चार मुलं, सासू, नणंदा अशी फौज लिहिली, तिला बाईंनी जागा नाही म्हणून कळवलं. एका एकट्या गृहस्थाला मात्र लगेच होकार. मी विचारलं तर म्हणाल्या, मोठ्या कुटुंबांना तिथे करमत नाही. असेल. माझ्या नोकरीच्या अर्जातही हाच प्रश्न होता. तेव्हा मला त्यात माया दिसली होती.

१० तारीख, सोमवार

आज एक निवृत्त परिचारिका आल्या. चाळीस वर्षं लोकांच्या उशाशी बसून काढली, आता स्वतःसाठी आठ दिवस हवेत म्हणाल्या. लग्न नाही, एक भाचा आहे. खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, जाऊ की नको, जाऊ की नको. मीच त्यांना भरीला पाडलं. म्हटलं, अहो मावशी, लोकांची दुखणी काढलीत, आता जरा पाय वाळूत टाका. त्यांचा हात हातात घेतला. त्या जायला तयार झाल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं!

सहा कार्डं त्यांनी लिहिली. सातवं लिहीनात. तिथे गेल्यावर मला काय वाटेल ते इथे बसून कसं लिहू, म्हणाल्या. बरोबरच आहे की. वीस तारखेला परत आल्यावर मला शिंपले दाखवायला येणार आहेत.

१३ तारीख, गुरुवार

लाँच सुटली. आठ पाहुणे. आठ झाल्याशिवाय ती सुटतच नाही, अशी शिस्त आहे. फोन सगळ्यांनी ऑफिसच्या कपाटात ठेवले, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या कापडी पिशव्यांत. आमचेही फोन कामाच्या वेळात तिथेच असतात, आता तर जिना उतरला की हात आपोआप कपाटाकडे जातो. मावशींनी मला हात हलवून हलवून टाटा केला.

एक गोष्ट मात्र खटकली. सामानाच्या यादीवर मी सही केली. पाण्याचे डबे सोळा. आठ माणसं, एकाला दिवसाला एक डबा, म्हणजे पाणी दोन दिवसांचं. बाई म्हणाल्या तिथे विहीर आहे. मी आखलेल्या एकाही बेतात विहीर नाही, जुन्या नकाशातही नाही. छापखान्यात चौदा वर्षं मुद्रितं तपासली आहेत, सुटलेला स्वल्पविरामही डोळ्यांत खुपतो.

१४ तारीख, शुक्रवार

बाईंनी मावशींचं सातवं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. राहून गेलंय, तुमचं अक्षर छान आहे, तुम्हीच लिहा. मग लिहिलं. भाच्याच्या पत्त्यावर. ‘इथे फार आवडलं, मुक्काम वाढवतेय.’ एका ओळीने काय बिघडतं?

२० तारीख, गुरुवार

दुपारी लाँच आली म्हणून मी धक्क्यावर धावले. त्या आठांतलं एकही माणूस उतरलं नाही.

उतरले ते डबे. सोळाच्या सोळा. भरलेले, झाकणावरची पट्टीसुद्धा न फाडलेली. एका डब्यावर मीच पेनाने मारलेली बरोबरची खूण होती. लाँचवाल्याने ते पुसले आणि आजच्या आठ पाहुण्यांसोबत पुन्हा चढवले.

मी त्याला आडून विचारलं, त्या परिचारिका कधी येणार? तो म्हणाला, मी फक्त नेतो, आणायचं काम माझ्याकडे नाही. मग कुणाकडे आहे? त्याने दोर गुंडाळला. म्हणाला, मी त्यांना वाळूवर उतरवतो आणि मागे न बघता निघतो. आठवड्याने सकाळी डबे आणायला जातो तेव्हा बॅगा तिथेच असतात, बंद. माणसं नसतात. बाईंनी सांगितलंय, डबे परत आण, बॅगा राहू दे.

मी म्हटलं, अरे पण माणसं जातात कुठे? तो मला सभ्यपणे म्हणाला, ताई, तुम्ही बेत आखता, तुम्हालाच माहीत.

पाणी कुठेतरी मुरतंय असं आपण म्हणतो. इथे तर कुणी प्यायलंच नाही.

२४ तारीख, सोमवार

भाचा आला. भांडायला नाही, आभार मानायला! पेढीवर काम करतो, साधा, हसरा. हातात सातवं कार्ड. मावशी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी थांबली, म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आणि म्हणाला, अक्षर बघा किती सुधारलंय तिचं, हात थरथरायचा तो थांबला, हवा मानवली.

मी त्याच्यासमोर बसले होते. माझंच अक्षर माझ्यासमोर. तोंड उघडलं, आणि पलीकडून बाई मऊ आवाजात म्हणाल्या, चहा घेणार का? मी मिटलं तोंड. भित्री! अडतीस वर्षांची घोडी आणि एक वाक्य बोलता आलं नाही. त्या मावशींना मी हाताला धरून लाँचमध्ये बसवलं आणि वर त्यांच्या नावाने कार्डही लिहिलं.

२५ तारीख, मंगळवार

बाई बाहेर गेल्यावर फोनचं कपाट नीट पाहिलं. मला वाटायचं चालू आठवड्याच्या पिशव्या असतील. मागे आणखी रांगा आहेत, त्यामागे आणखी. चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली. मावशींची पिशवी पुढेच आहे. कुणीही परत न्यायला आलेलं नाही. म्हणजे कुणीच—

चौकीत गेले. तिथल्या अंमलदाराने शांतपणे ऐकलं. म्हणाला, नातेवाइकांची तक्रार आहे का? नाही. कार्ड आलं ना? आलं. मुक्काम वाढवलाय असं स्वतःच्या हाताने लिहिलंय ना? ते माझ्या हाताने लिहिलंय म्हटलं असतं तर मलाच आत बसवलं असतं. बाईंनी ते उगीच लिहून घेतलं नव्हतं, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. केवढी शहाणी समजत होते मी स्वतःला.

काही असो. भाच्याला सगळं सांगणारं पत्र लिहायचं. मावशी जिवंत असतील तर अजून वेळ आहे.

२६ तारीख, बुधवार

पत्र लिहून झालं. चार पानं. ऑफिसच्या टपालपेटीत टाकणार नाही, स्वतः टपाल कचेरीत जाईन. बाईंनी आज विचारलं, आईची तब्येत कशी आहे? मी कधी तब्येतीबद्दल बोललेच नव्हते.

२७ तारीख, गुरुवार

लाँच सुटली नाही. सातच पाहुणे. एकाने ऐन वेळी नकार दिला म्हणे.

बाई वर खोलीत आल्या, पहिल्यांदाच. पलंगावर बसून म्हणाल्या, न पाहिलेल्या जागेचे बेत किती दिवस आखणार, एकदा जाऊन या. मी म्हटलं मला पाणी सोसत नाही. बरं, म्हणाल्या. रागावल्या नाहीत, आग्रहही नाही. त्याचीच भीती वाटली.

टपाल कचेरीत जायला निघाले तर लाँचवाला दारातच बसलेला. पत्र माझ्याकडेच आहे. खिडकीतून लाँच दिसते. सात जण आत बसून आहेत, टोप्या घालून. एकजण माझ्याकडे बघून हात हलवतो.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी शेजारच्या काकूंना फोन केला. म्हटलं, आईला सांगा मी आज निघतेय. काकू म्हणाल्या, अगं, तू बेटावर ना? मग फोन कसा लागला?

मी विचारलं, बेटावर? कुणी सांगितलं?

आईला काल कार्ड आलं. पहिलं. ‘सुखरूप पोचले, वाळू पांढरीशुभ्र, फोनला रेंज नाही.’ म्हणजे ते परवाच टाकलं. मला विचारायच्या आधीच टाकलं.

मी ओरडले, काकू, मी बेटावर नाही! मी इथेच आहे, ऑफिसात! काकूंनी ते आईच्या कानात जोराने सांगितलं. आईचं हसणं मला फोनवर ऐकू आलं. म्हणते, हिच्या थापा काही संपायच्या नाहीत, अक्षर काय मला ओळखू येत नाही का? सगळ्या गल्लीला दाखवून आली म्हणे.

आई, नाही गं. थाप नाही.

बॅग घेऊन खाली गेले, दारात लाँचवाला तसाच बसलेला, आणि हाताने सवयीने फोन पिशवीत घातला, कपाटात ठेवला. मीच. बाईंनी किल्ली फिरवली. आजवर माझ्या पिशवीला चिठ्ठी नव्हती, आज पाहुण्यांसारखी होती, माझं नाव आधीच लिहिलेलं.

२९ तारीख, शनिवार

सकाळ. लख्ख ऊन. लाँच तशीच.

दार बाहेरून लावलंय. खिडकीतून हाका मारल्या. सात जणांनी हात हलवले.

काल आईला दुसरं कार्ड मिळालं असेल. ‘पाण्यात खेळले.’ आज दीपगृहाचं. उद्या रविवार, टपाल नाही. मग काहीच नाही. तो दिवस माझ्याच डोक्यातून आला होता.

बाईंच्या कप्प्यात आता चारच असतील—

आई घोर करणार नाही. चहा टाकेल, दोन कप. माझा पण पिईल.

भाच्याला लिहिलेलं पत्र गादीखाली ठेवतेय. ही वहीही. ज्याला मिळेल त्याने—

खाली डबे चढवतायत. लाँचवाला मोजतोय. चौदा, पंधरा—

जिना वाजतोय. बाई मऊ आवाजात म्हणतायत, आठवा आला की निघू.

सातवं कार्ड. काय लिहिलं होतं मी. आई, ते खरं नाही, ते मी गंमत म्हणून— आई, मी परत येतेय, तू चहा