बैलाचं इंजेक्शन

प्रिय अश्विनी,

फोन सोडून चिठ्ठी कशी आली म्हणशील. घरातला मोबाईल तुझ्या बाबांच्या खिशात, न् ते दिवसभर समोरच बसून असतात. शेजारचा शुभम उद्याच्या बसनं नागपूरला येऊन राहिला, त्याच्याजवळ देते. घाईत लिहून राहिली बाप्पा, अक्षर सांभाळून घे.

आपला सोन्या बैल खाऊन खाऊन सुस्त झाला होता. पटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, धावायचं सोडून नुसता रवंथ करे. बाबांनी पांढुर्ण्यातून कोण्या जिमवाल्याकडून वाढीचं इंजेक्शन आणलं, पोरं अंग कमवायला घेतात ते. दीड महिन्यात बैलाची चरबी अशी उतरली की ओळखू येईना. मुक्या जनावराला काय टोचता म्हणून मी लय कडकड केली. पण माझं ऐकते कोण!

मग यांचंही पोट उतरू लागलं. मला मेलीला आनंदच झाला! तीस वर्षं पटात जोडी हाकणारा माणूस, न् पट भरवणाऱ्या भगवंतरावांनी चारचौघांत म्हटलं, मोतीराम, तुझं वजन बैलांना झेपत नाही, यंदा त्या हलक्या पोराला, गजेंद्रला, हाकू दे. ते फार लागलं त्यांना. जेवण कमी केलं म्हणून बारीक झाले, असंच मी समजली. पण परवा संत्र्याच्या बगिच्यात उभ्या उभ्या कोसळले. सौंसरच्या डॉक्टरनं साखर तपासली, साडेचारशे!

काल गव्हाच्या कोठीत हात घातला तर त्याच इंजेक्शनच्या शिश्या सापडल्या. बैलाचं टोचणं कधीच बंद झालं होतं अश्विनी, तुझा बाप स्वतःला टोचून राहिला होता! अजूनही टोचतो, कारण पट पंधरा दिवसांवर आला. डॉक्टरला सांगशील तर पोरीची शपथ, म्हणतात.

मी रडली, भांडली. तर शांतपणे म्हणाले, आपली पोरगी जनावरांची डॉक्टरीण होऊन राहिली, तिलाच विचारलं मी. या औषधानं साठलेली चरबी सुटून जळते, माणसातही तसंच होते, असं तिनं फोनवर समजावलं. तुला काय ठाऊक माय, ते कोणासाठी विचारून राहिले! तुझी चूक नाही. यानं रक्तातली साखर चढते, हे पुढचं तू सांगत होतीस, तर यांनी हवं तेवढं ऐकून फोन ठेवला. तुझ्या शब्दावर त्यांनी सुई उचलली, न् माझ्या रडण्यानं ती खाली ठेवत नाहीत. डॉक्टर म्हणे साखर आणखी चढली तर जीवावर बेतेल. तूच ये, मिळेल त्या गाडीनं ये.

तुझीच,
वाट पाहणारी आई