शेपटीवरची पट्टी

प्रिय ताई,

शाळेत जाताना तू सायकल चालवायचीस, मी मागे कॅरियरवर बसायचे आणि चाकाखालचे खडे माझ्या पायांना लागायचे. मग तू मडगार्डला रबराचा तुकडा बांधलास. इथे लेकीकडे रोज तेच आठवतं.

लेक चालवते ते छोटं विमान खडीच्या धावपट्टीवरून उडतं. चाकांनी उडवलेले खडे शेपटीवर आपटतात, म्हणून तिथे जाड चिकटपट्टी लावलेली असते. मला ती कळकट दिसली. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेलं स्वच्छतेचं वेड, दुसरं काय! मी ती सोलून काढली आणि वर शेपटी पुसून चकचकीत केली.

पुढच्याच उड्डाणात शेपटीला दोन पोचे पडले. "आई, ती घाण नव्हती गं, चिलखत होतं!" म्हणून लेक हसली. मला नाही हसू आलं. मेकॅनिकने तपासून नवी पट्टी लावली आहे. तडा नाही म्हणतो. तरी सकाळपासून तीनदा हात फिरवून आले.

उद्या त्याच विमानातून मी तिच्यासोबत निघतेय. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या कपाटातली निळी शाल वहिनीला दे. पाटल्या लेकीसाठी ठेवल्या होत्या, पण ती माझ्यासोबतच असेल, तेव्हा त्या तूच घाल.

तुझ्या कॅरियरवरची,
धाकटी