जाड तेल, पातळ तेल

॥ श्री ॥
सर्जापूर रस्ता, बंगळूर
ता. १२ डिसेंबर १९६२

चि. प्रतापभावजींस अनेक आशीर्वाद.

चुलीतले निखारे शेगडीत काढले, शेगडी ट्रॅक्टरच्या पोटाखाली सरकवली, मग शेण भरलं, पाणी ओढलं आणि कॉफीचे दोन पेले घेऊन शेडमध्ये जाऊन बसले. गेल्या पौषातली सकाळ. तिच्यात वेगळं काहीच नव्हतं. तरी तीच सारखी आठवते.

तुमचं पत्र पोचलं. माझ्या नावामागे गं. भा. पहिल्यांदा तुम्हीच लिहिलंत. तिथे शाई पसरली आहे. तुमचा हात थांबला असणार. वाईट वाटून घेऊ नका, कुणीतरी लिहायचंच होतं.

श्रावणात हे गेले, त्याला आता चार महिने झाले. रागी घरात आली. रान वाळून कडक व्हायच्या आत नांगरट व्हायला हवी. पण पहाटे इतका गारठा असतो की ट्रॅक्टरचं तेल काकवीसारखं घट्ट होतं. इंजिन चालू होतं, पण लिफ्ट नांगर उचलत नाही. म्हणून ह्यांच्यासारखीच मीही शेगडी ठेवते. परवा वरून तेल ठिबकलं आणि निखाऱ्यांनी भडका घेतला. पिराजीचा तळहात भाजला. त्याने गोणपाट टाकून विझवलं. आता तो म्हणतो, अक्का, एक तर तेल बदला, नाही तर डायव्हर बदला. त्याचं काय चुकलं?

तुम्हीही लिहिता की थंडीत पातळ तेल भरावं, म्हणजे शेगडी लागतच नाही. हे वाचल्यापासून माझं मन ठिकाणावर नाही. एवढं सोपं होतं, तर आठ वर्षं मला पाचाला उठवून धुरात का बसवलं? तुम्ही भाऊ वर्कशॉपात, आणि ह्यांना हे ठाऊक नसावं? की बायको आहे फुंकायला, म्हणून चाललं? गेलेल्या माणसाविषयी असं मनात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते. तेल काढायलाही हात होत नाही. आत आहे ते ह्यांनीच वैशाखात भरलेलं आहे.

खरं काय ते कळवा. माझी समजूत घालू नका.

बाकी ठीक. पत्रात खंड पडू देऊ नका.
तुमची वहिनी,
चंद्रा


॥ श्री ॥
हुबळी
ता. १९ डिसेंबर १९६२

ती. चंद्रावहिनींस सा. न. वि. वि.

पिराजीच्या हाताचं वाचून घाबरलो. आधी कामाचं लिहितो. उद्यापासून शेगडी बंद. त्या ट्रॅक्टरला गिअरचं आणि लिफ्टचं तेल एकाच पेटीत असतं. अण्णा भरायचे ते नव्वद नंबरचं जाड तेल गिअरला उन्हाळ्यात चालतं. पण थंडीत ते पंपाला ओढवत नाही. आता तीस नंबरचं भरा. जुनं तेल ट्रॅक्टर तासभर चालवून गरम असताना काढा, म्हणजे तळचा गाळही निघेल. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळू नका.

आता तुमचा प्रश्न. वहिनी, अण्णांना ठाऊक होतं. छप्पन साली मीच त्यांना खडसावलं होतं आणि पातळ तेलाचे दोन मोठे डबे लॉरीवाल्याबरोबर पाठवले होते. त्यावर त्यांचं जे पत्र आलं, ते मी सहा वर्षं पेटीत ठेवलं. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवतो:

डबे पोचले. रागीच्या कणगीमागे ठेवले आहेत. एवढ्यात भरणार नाही. तुझी वहिनी जोडाक्षरांपर्यंत आली आहे. घरात तिने पुस्तक धरलं की आई काम सांगते. शेडमध्ये मात्र शेगडी राखायला कुणीतरी बसावंच लागतं, त्याला आई काही म्हणत नाही. नांगर लगेच उचलला गेला तर तो अर्धा तास जाईल. जाड तेलाने थोडा खोळंबा होतो, तो होऊ दे. तिला यातलं काही सांगू नकोस, ती स्वतःच शेगडी विझवेल.

आई गेल्यावर मी पुन्हा विचारलं होतं. म्हणाले, आता ती मला वाचून दाखवते, स्वल्प थांब. म्हणून मीही गप्प राहिलो. चुकलं असेल तर माझ्यावर रागवा.

पिराजीला विचारल्याचं सांगा. तुमचा आशीर्वाद नेहमीसारखाच असू द्यावा.
आपला,
प्रताप


॥ श्री ॥
सर्जापूर रस्ता, बंगळूर
ता. २६ डिसेंबर १९६२

चि. प्रतापभावजींस अनेक आशीर्वाद.

पत्र शेडमध्ये बसूनच वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मडगार्डच्या आतल्या बाजूला ह्यांनी कोळशाने काढून दिलेला ‘क्ष’ अजून आहे. तो मला महिनाभर जमत नव्हता. हे म्हणायचे, घाई नको, तेल अजून घट्टच आहे. मी खरंच वाकून तेल बघायची.

मला सांगितलं असतं तर मी शेगडी विझवली असती, हे त्यांनी बरोबर ओळखलं. सासूबाईंच्या समोर खोटं काम करत बसणं मला जमलं नसतं. पण सासूबाई गेल्यावर तरी सांगायचं होतं. मी तरीही बसले असते. एवढंच त्यांना कळलं नाही. आता कुणाला सांगू?

डबे कणगीमागेच होते. झाकणं उघडलेलीसुद्धा नाहीत. पिराजीला दाखवले, तर तो म्हणाला, सरी, बरं झालं, मालकांनी माझ्या हाताची सोय आधीच करून ठेवली होती, तुम्हीच उशीर केलात. त्याच्या बोलण्याचं मला हसू आलं. श्रावणानंतर पहिल्यांदाच.

तुमच्यावर राग नाही. ह्यांचं ते मूळ पत्र मात्र मला पाठवा. मला आता जोडाक्षरं वाचता येतात.

तुम्ही सगळे सुखी असा.
तुमची वहिनी,
चंद्रा

ता. क. हे पत्र काल टपालात पडलं नाही. आज सकाळी पिराजीने ट्रॅक्टर तासभर फिरवला, आम्ही जुनं तेल काढलं आणि दोन्ही डबे ओतले. नांगर पहिल्याच झटक्यात उचलला गेला. शेगडी मी धुऊन स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर एकच पेला कॉफी केली.