लॅबवाल्याची सळई आणि माझी फाइल

मामा,

सांगलीच्या आमच्या कॉलेजात सळई ताणून तोडायचं मशीन तुम्ही चालवायचा. प्राध्यापक फळ्यावर आलेख काढून निघून जायचे, खरी सळई तुमच्या स्वाधीन. आम्ही प्रॅक्टिकलला हजेरीपुरते. आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलातून. एका शनिवारी तुम्ही आमच्या जर्नलांचा गठ्ठा उचललात, दोन-तीन चाळलीत आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "आवं विंजेनेर, वीस पोरांच्या वीस सळया, आन् समद्या एकाच आकड्यावर तुटल्या व्हय? लय शिस्तीच्या निघाल्या." बाकीची पोरं हसत बाहेर पडली. मला तुम्ही मागं ठेवून घेतलंत. मशीन सुरू होतं. सळई आधी मुकाट ताणली जाते, मग मधेच एका जागी बारीक व्हायला लागते, आणि बार उडाल्यासारखा आवाज होतो. मी दचकून मागं सरकतो. तुम्ही दोन्ही तुकडे माझ्या हातात देता. तुटल्या जागी ते ऊन लागतात. "जोड आन् किती लांबली ती मोज. तुज्या हातानं."

आता मी सातारच्या एमआयडीसीत बसून सळया तोडतो, बिनआवाजाच्या. संगणकात सळई काढायची, तिचे बारके चौकोन पाडायचे, एक टोक आवळायचं, दुसरं ओढायचं. चहा येईपर्यंत तुटते. हाताला तेलाचा डाग लागत नाही, म्हणून मला सगळे सर म्हणतात. गेल्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीच्या हुकाचं काम आलं. त्या हुकाच्या पोलादाची सळई सांगलीच्या एका लॅबमध्ये तोडून घेतली, तिथले आकडे मी संगणकात भरले, आणि माझी सळई खरीपेक्षा कमी जोरातच तुटली. माझ्या हाताखालची तासगावची पोरगी म्हणाली, "सर, आपलंच काही चुकलं नसेल ना?" मी म्हणालो, "लॅबवाल्यानं सळई नीट धरली नसेल." तसा मेलही केला, त्याच्या साहेबाला, आणि इंग्रजीत, म्हणजे माणूस जरा जास्त घाबरतो. लॅबवाल्यानं निमूटपणे आणखी दोन सळया तोडल्या. आकडे तेच आले. मधल्या मधे त्याचा साहेब त्याला काय बोलला असेल, ते सांगायला मला संगणक लागत नाही.

चूक माझी होती, मामा. सळई ताणताना बारीक होत जाते, पण लॅबचा आलेख तिच्या पहिल्या जाडीवरच मांडलेला असतो. संगणकाला त्या त्या क्षणाची जाडी धरलेले आकडे लागतात. आधी ते बदलायचे, मग भरायचे, हे मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. जरा चढ्या आवाजातच शिकवतो. आज सकाळी ते गुपचूप बदलले, आणि दोन्ही आलेख एकावर एक बसले. पोरगी मागून डोकावून म्हणाली, "जमलं की, सर. काय, लॅबनं दुरुस्त करून पाठवलं वाटतं?" मी नुसतं "हं" म्हणालो.

लॅबवाल्याचा नंबर समोर काढून ठेवलाय. त्याला सांगायची दोनच वाक्यं आहेत, तीही ठरलीत. तरी मी आधी तुम्हाला लिहायला बसलो, कारण तो पलीकडून "बोला साहेब" म्हणेल, तुम्ही म्हणणार नाही.