ढब्बूची हजेरी

ती. आईस,
आम्हा चौघांचा नमस्कार, आणि ढब्बूचा शेपटीनं.

इथे तळ्याकाठच्या तंबूंत कुत्र्यांनाही जागा आहे, फक्त दोरी हवी. सकाळी धुकं उतरलं की पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे सुरू होतं, कळतच नाही. मुलं मजेत आहेत. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग हं.

ढब्बू घरच्यासारखाच झोपण्याआधी प्रत्येकाला हुंगून हजेरी घेतो. चौघं झाली की तंबूच्या दाराशी बसून तुझी वाट बघतो. काल दुपारी शेवटी तू बळेच दिलेली शाल अंथरली, तर तिच्यात नाक खुपसून गाढ झोपला.

आज ती शाल मी घेतलीय. ढब्बू रुसलाय. रुसू दे.

तुझी थोरली