अर्धा रोट

१० ऑक्टोबर

बांधकाममंत्री वेलिमिर काल टीव्हीवर म्हणाले, "त्रिवून नावाच्या गृहस्थांना मी कधी भेटलेलोच नाही." त्रिवून म्हणजे नव्या महामार्गाचं सगळं कंत्राट मिळालेले सिमेंटवाले. बेकरीत आज हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी! बेकरीवाली देसांका मावशी म्हणाली, असं असेल तर तीही नवऱ्याला भेटलेली नाही, नुसती तीस वर्षं एका घरात राहते.

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या उत्सवाचे यजमान त्रिवूनच होते. सगळ्या गावासमोर त्यांनी रोट मोडला आणि अर्धा वेलिमिर यांच्या हातात दिला. मग दोघांनी एकमेकांच्या गालांचे तीन-तीन पापे घेतले. रोटाचं ताट मी धरलं होतं.

आणि अर्धा रोट जो घेतो, तो पुढच्या उत्सवाचा यजमान. म्हणजे यंदा मंत्री!

११ ऑक्टोबर

यजमानाला उत्सवाची आठवण करून देणारं पत्र लिहिणं चर्चच्या सेवेकऱ्याचं काम — म्हणजे माझं. पगार नगरपालिका देते. नेमणूक तात्पुरती आहे, उत्सवानंतर कायम करणार आहेत. अशा वेळी मंत्र्यांना लिहावं का? पाद्रीबाबांना विचारलं. ते गुडघ्याला मलम चोळत होते. म्हणाले, पत्र यजमानाला जातं, मंत्री असो नाहीतर न्हावी.

शब्दकोश शेजारी ठेवून चार वेळा लिहून काढलं. "गेल्या उत्सवात आपण श्री. त्रिवून यांच्या हातून अर्धा रोट स्वीकारलात. प्रथेप्रमाणे यंदाचा रोट, शिजवलेले गहू, मेणबत्ती आणि वाइन आपल्याकडून यावी. २७ तारखेला शुक्रवार, उपास. सबब गावजेवणाला मासे चालतील, कोकरू नाही."

राजधानीतल्या घरचा पत्ता माहीत नव्हता. मंत्रालयाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पावती जपून ठेवली आहे.

१६ ऑक्टोबर

मंत्रालयातल्या कारकुनाने पत्रावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि फाइलला लावलं. तिथून ते बाहेर कसं पडलं देव जाणे. आज पेपरच्या पहिल्या पानावर शिक्का-क्रमांकासह छापून आलं आहे. अख्खं! कोकरासकट!

सात वेळा वाचलं. एकच समाधान — शुद्धलेखनाची चूक नाही.

१७ ऑक्टोबर

टीव्हीच्या चार गाड्या. मी दुपारपर्यंत घंटेच्या मनोऱ्यात. मावशीचे सगळे पाव नऊ वाजताच संपले. ती विचारत होती, पुढचं पत्र कधी लिहितोस?

१९ ऑक्टोबर

सत्ताधारी पक्षाचे इथले प्रमुख मिलोयको आले. सोबत माझ्या कायम नेमणुकीचा कागद, टंकलेला, फक्त सही बाकी. शेजारी दुसरा कागद ठेवला, कोरा.

म्हणाले, "बाळ ग्वोझदेन, दोन ओळी लिही. रोट कुणी घेतला ते तुला दिसलं नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं."

"पाऊस होता," मी म्हणालो.

"मग पाऊस येत होता डोळ्यांवर!"

मी सवयीने कागद टेबलाच्या कडेला सरळ लावला; त्यांना वाटलं मी लिहिणार. पेन पुढे केलं. पण काय लिहिणार? दोन पावलांवर उभा होतो. कागद कोराच राहिला. मिलोयको दोन्ही कागद घेऊन गेले.

२३ ऑक्टोबर

नगरपालिकेचं पत्र. पहिल्या तारखेपासून माझी गरज नाही.

आईला सांगितलेलं नाही. तिला संशय येऊ नये म्हणून दोनदा वाढून घेतलं. मिरच्या छान भरल्या होत्या.

२६ ऑक्टोबर

संध्याकाळी रेडिओवर — वेलिमिर यांचा राजीनामा. उद्याच्या यजमानाचा पत्ता नाही. मी मेणबत्त्या आकाराप्रमाणे लावल्या, मग पुन्हा लावल्या. पाद्रीबाबा म्हणाले, यजमान नसेल तर रोट नाही; शंभर वर्षांत असं घडलेलं नाही.

२७ ऑक्टोबर

वेलिमिर आले. सकाळच्या बसने, एकटे, रोट फडक्यात बांधून. गावासमोर म्हणाले, "घेतला होता मी. त्रिवूनच्याच हातून. टीव्हीवर खोटं बोललो."

मग पाद्रीबाबांबरोबर रोट मोडला आणि अर्धा पुढे धरला. कुणी हलेना. त्यांच्या हातून घेणारा उद्याच्या पेपरात येणार! सगळे आपापले बूट बघत होते. मिलोयको तर झाडाआड. वेलिमिर यांचा हात खाली यायला लागला.

मी ताट मावशीकडे दिलं आणि रोट घेतला. तीन पापे झाले.

आता आईला दोन बातम्या सांगायच्या आहेत — नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षी अख्खं गाव आपल्याकडे जेवायला आहे. दुसरी आधी सांगेन.