मी जेवलो, मी झोपलो

४ मार्च

ती. आईस,
एक साष्टांग नमस्कार. दुसरा घातला तर पाठ धरेल.

बाबा बेकरीतून पिठाने पांढरे होऊन येतात आणि बुटांसकट घोरतात. मी बरा आहे. तुझी लेक, आपली टिकली, माझ्याहून बरी, हेच तर दुखणं. मी एवढा तेरा वर्षांचा ठोंब्या, इथल्या भाषेचे नियम घोकून काल बसवाल्याला अख्खं वाक्य ऐकवलं. क्रियापद आपल्या सवयीने शेवटी गेलं. तो हसला. पाच वर्षांच्या टिकलीने तेच वाक्य सरळ करून सांगितलं, वर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिचा धाकटा. नियम कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाली की नियम म्हणजे काय असतं.

पण मराठीत तिची गाडी घसरलीय. परवा फोनवर ती 'मी जेवलो, मी झोपलो' म्हणाली आणि आपण दोघं खो खो हसलो ना, तेव्हापासून ती मराठी बोलतच नाही. मी मराठीत विचारतो, ती इथल्या भाषेत उत्तर देते. नोकरी सोडून तू इथे येशील तेव्हा लेकीशी बोलायला मला मधे बसवणार का? पगार किती?

लोभ असू दे, नसला तर खाऊ असू दे.
तुझा उचापती

१५ मार्च

चि. उचापतीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा आल्यावर देईन.

मी हसायला नको होतं. पण शहाण्या, तुमच्या घरात मराठी बोलणारे कोण? तू आणि बाबा, दोन बाप्ये. 'मी जेवले' असं तिच्या कानावर पडतंय कुठे? फोनवर मीही आपली 'जेवलीस का' एवढंच विचारते. पोरगी तुमचीच नक्कल करतेय. तुझी मराठी इथेच मुरली, तिची कच्ची असतानाच उचलून नेली.

तेव्हा मी येईपर्यंत तू बाई हो. 'मी आले, मी गेले' बोल. तिला शिकवू नकोस, टोकू नकोस, हसू तर मुळीच नकोस.

तुम्हा दोघांना पोटभर पापे.
तुझी आई

२ एप्रिल

ती. आईस,
दासीचा नमस्कार.

पहिल्या सकाळी मी 'आंघोळ करून आले' म्हटल्यावर बाबांचा चहा शर्टावर सांडला. टिकलीने ढुंकून पाहिलं नाही. मी सोडलं नाही. मी पडले, मी उठले, मी कंटाळले! बाबासुद्धा 'झोपते गं' म्हणून घोरायला लागले.

काल दारात खिसे चाचपत मी 'चावी विसरले' म्हणालो. टिकलीने कमरेवर हात ठेवले आणि चक्क मराठीत मला झापलं, की दादा मुलगा आहे, त्याने 'विसरलो' म्हणायचं असतं. 'विसरले' फक्त ती म्हणणार. आणि ती काही विसरली नाहीये, चावी तिच्याकडेच आहे.

मग तिने कुलूप उघडलं आणि पुटपुटली, मी दमले बाई या दादापुढे.

आई, तू बिनधास्त ये. आम्ही तिघी तुला घ्यायला येतो.

लोभ तिकडे ठेवून येऊ नकोस.
तुझी (खोडायला रबर नाही)
उचापती